सत्तेचाळीस

इतवारीत, लोखंड ओळीच्या मागच्या बोळीत
रज्जाकभाईच्या दुकानी गेले होते मी
मोटरची पुली पाहायला.
पडद्यांच्या दांड्यांत ती उभी होती,
चंदेरी ऑइलपेंट फासलेली,
पट्ट्याच्या जागी सुतळी.
"नाटकातली हाय, बाई. वडशाच्या कंपनीनं सामान काढलं.
वीस साल डाकूच्या खांद्यावर होती.
लाकडाच्या भावात घेऊन जा."

उचलली, आणि हाताला आधी कळलं.
नाटकाची बंदूक
चार किलो भरत नाही.

एकतीस वर्षं मी अंबाझरीच्या कारखान्यात गेज सेक्शनला होते.
एक गो, एक नो-गो.
जायला हवं ते जातं का,
अडायला हवं ते अडतं का, एवढंच पाहायचं.
आलेल्या स्थळांनाही तोच हिशेब लावला.
सगळी अडली.

आधी तहसील ठाणं. चादरीत गुंडाळून, ऑटोतून.
हवालदार मडावीनं बोल्ट ओढला, नळीतून पंख्याकडे पाहिलं,
नळीच्या कुशीत आरपार भोक,
पिनेचं टोक कापलेलं.
"हे तं मेलेलं हाय, बाई. काहाले आणलं?"
तरी लिहून घ्या म्हटलं.
त्यानं लिहिलं: एक नग, निकामी, लोखंड व लाकूड.

मग गच्चीवर. मे महिना, सकाळी आठलाच फरशी पोळणारी.
थिनर, फाटकी बनियन, दात घासायचा ब्रश.
रंगाची साल निघाली तसा
आधी मुकुट आला.
मग जी, आर. मग बी.एस.ए.
मग १९१७,
आणि तीन रेघांपुढे एक चांदणी.
गळ्यावर मोठ्या अक्षरांत डी.पी., म्हणजे कवायतीपुरती,
म्हणजे कुठल्यातरी कॉलेजच्या मैदानात
पोरापोरींनी खांदे बदलत वागवलेली.
मॅगझिनच्या पुढे लाकडात आडवा स्क्रू.
तो तिकडचा नाही. पराते मास्तर सांगायचे,
इशापूरवाले लाकूड फाटू नये म्हणून असा टाका घालत.
दस्त्यावरच्या पितळी चकतीवर पलटणीचं नाव होतं,
कोणीतरी कानशीनं नीट बसून घासलेलं.
नळीवर एक नंबर, बोल्टवर भलताच.
दोघींचं मोडलेलं, एकीत बसवलेलं.
जाणकार किंमत पाडतात म्हणे अशानं.
पाडोत.

रात्री लाईट गेली. टॉर्च दातांत धरून
भिंग लावलं बोल्टच्या दांडीच्या मुळाशी.
तिथे, ज्वारीच्या दाण्याहून लहान,
एक मुकुट, खाली ४७.
हा राजाचा नाही, पलटणीचा नाही.
हा तपासणाराचा.

मलाही होता. अडतीस.
रिटायर होताना पंच परत घेतात,
आपल्यासमोर ग्राइंडरला लावतात,
ठिणग्या उडतात तेवढा वेळ
सगळे दुसरीकडे पाहतात.

सतरा साली तिकडचे पुरुष खंदकांत होते.
मग त्या बाकापाशी कोण बसलं होतं?
मला माहीत नाही. माहीत नसलेलं लिहायचं नसतं,
हे मीच नव्या पोरींना शिकवायचे.
पण शिक्का जरा डावीकडे कललेला आहे,
आणि कलतो तो शेवटच्या तासाला,
भोंगा व्हायच्या आधी, खांदा भरून आल्यावर,
जेव्हा ट्रेमध्ये अजून साठेक नग उरलेले असतात
आणि घरी कणीक मळायची असते.

बोट ठेवलं त्यावर. गार होतं.
नाटकातले ते डाकू, ती पोरं,
चकती घासणारा तो कोण माणूस,
कोणाच्याच बोटाला हे लागलं नसेल.
भोकात तार घालून पाहिली. पुन्हा एकदा घातली.
सवय.

आज रज्जाकभाईचा फोन.
"बाई, वडशावाले वापस मागून राहिले.
नवा डाकू भेटला, प्लास्टिकची हातात घ्यायले लाजते.
दुप्पट देतो म्हणे. द्याची का?"

म्हटलं, आधी माझी पुली पाठव.